मदत हवी आहे: पार्व्हाल्ब्युमिन पेशी दोन गटांत का फुटतात?

प्रश्न:
उंदराच्या कॉर्टेक्स स्लाइसमधल्या, थर २/३ च्या इंटरन्यूरॉनच्या (आसपासच्या पेशींना आवरणारे न्यूरॉन) होल-सेल करंट-क्लॅम्प नोंदी आहेत, म्हणजे पेशीत ठरलेला करंट सोडून व्होल्टेज मोजलंय. १ सेकंदाच्या स्टेप, उणे १०० पिकोअँपिअरपासून २०-२० ने वर. हाफ-विड्थ (स्पाइकची, म्हणजे पेशीच्या विद्युत झटक्याची, अर्ध्या उंचीवरची रुंदी), इनपुट रेझिस्टन्स (पेशीचा करंटला विरोध), अ‍ॅडॅप्टेशन (स्टेपदरम्यान फायरिंग मंदावणं) आणि सॅग (उणे करंटवर व्होल्टेज खाली जाऊन थोडं परत येणं) काढून के-मीन्स (आपोआप गट पाडणारी पद्धत) लावलं. पण लाल मार्करवाल्या पार्व्हाल्ब्युमिन पेशींतच (या प्रथिनावरून ओळखले जाणारे इंटरन्यूरॉन) दोन गट पडतात: काहींची हाफ-विड्थ ०.३५ मिलिसेकंद, काहींची ०.७. काही स्लाइस ३३ अंशांवर होत्या, काही २४ वर. सॅम्पलिंग २० किलोहर्ट्झ, फिल्टर २. हे उपप्रकार धरावेत का?

उत्तर:
इतक्यात नको. तुमचा के-मीन्स बहुधा थर्मामीटर झालाय: पेशींचे प्रकार नव्हे, तापमानं वेगळी करतोय. स्पाइक झटकन संपवणारे केव्ही३ पोटॅशियम चॅनेल गार स्लाइसमध्ये मंदावतात. २४ अंशांना रुंदी दुप्पट दिसली तर नवल नाही. दोन्ही तापमानांचे गट वेगळे ठेवा.

२ किलोहर्ट्झचा फिल्टर अरुंद स्पाइकची टोकं बोथट करतो, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. पुढच्या नोंदींना १० किलोहर्ट्झचा बेसेल फिल्टर, सॅम्पलिंग ५० किलोहर्ट्झ. के-मीन्सआधी प्रत्येक गुणाचा झेड-स्कोअर घेतलाय ना, म्हणजे सगळे गुण एकाच मापावर आणलेत ना? नाहीतर मेगाओहमचे शेकड्यातले आकडे मिलिसेकंदांना गिळतात.

ब्रिज बॅलन्सही (पिपेटच्या स्वतःच्या रेझिस्टन्सची भरपाई) बघा: स्टेप सुरू होताच व्होल्टेज सरळ उभं उडतंय का?

प्रश्नकर्ता:
हो, उडतं. आता काढता येईल? आणि सोमॅटोस्टॅटिनच्या (इंटरन्यूरॉनचा दुसरा प्रकार) काही पेशीही वेगाने फायर करतात, त्यांचं काय?

उत्तर:
काढता येईल. उडीला करंटने भागा, भरपाई न झालेला सिरीज रेझिस्टन्स (पिपेटच्या वाटेतला) मिळेल. समजा २० मेगाओहम. २०० पिकोअँपिअरच्या स्टेपला ४ मिलिव्होल्ट जादा दिसतात, म्हणजे थ्रेशोल्ड (ज्या व्होल्टेजला स्पाइक सुरू होतो) तितकाच वर सरकतो. तेवढे वजा करा. इनपुट रेझिस्टन्समध्येही हेच २० मिसळतात: ३०० मेगाओहमच्या पेशीला फारसा फरक नाही, पण १०० च्या फास्ट-स्पायकिंग (वेगाने फायर करणाऱ्या) पेशीत २० टक्के चूक! पिपेटच्या कपॅसिटन्समुळे पसरलेला स्पाइक मात्र वजाबाकीने सुधारत नाही.

सोमॅटोस्टॅटिनसाठी नुसत्या वेगावर जाऊ नका. थर ४ मध्ये तर त्यांच्यातल्या काही जवळजवळ फास्ट-स्पायकिंगच असतात. सगळ्या पेशी उणे ७० मिलिव्होल्टवर धरा. सॅग समान करंटवर नव्हे, समान व्होल्टेजवर मोजा, उदा. शिखर उणे ९५ ला पोचेल त्या स्टेपवर. त्याच स्टेपनंतर रिबाउंड स्पाइक (उणे करंट थांबताच उठणारा) येतो का ते नोंदवा. अ‍ॅडॅप्टेशन रिओबेसच्या (स्पाइक उठवणारा किमान करंट) दुप्पट करंटवर. लिक्विड जंक्शन पोटेन्शियल (पिपेट आणि बाहेरच्या द्रावणातल्या फरकामुळे येणारं व्होल्टेज) वजा केलंय की नाही, हे सगळ्या फायलींत एकसारखं हवं.

मॉडेल तपासताना एका प्राण्याच्या सगळ्या पेशी एकत्र बाजूला काढा, सुट्या पेशी नव्हे. पेशीचा आकार दाखवणारं बायोसायटिन भरलेलं असेल तर शंकास्पद पेशींचे अ‍ॅक्सॉन आधी पाहा. मार्टिनोटी पेशीचा (सोमॅटोस्टॅटिनवाल्यांतला एक प्रकार) अ‍ॅक्सॉन थर १ पर्यंत चढलेला दिसतो.