'चार्ज'चा मूळ अर्थ : ओझं

बॅटरी चार्ज होते, आरोपीवर चार्ज ठेवतात, नवा अधिकारी चार्ज घेतो, बँक चार्जेस लावते, घोडदळ चार्ज करतं. हे अर्थ एकमेकांपासून फार दूरचे वाटतात, पण बहुतेकांचा उगम एकच आहे.

लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यात माल भरणे, लादणे या अर्थाचं क्रियापद झालं आणि ते फ्रेंचमधून 'चार्ज' होऊन इंग्रजीत आलं. कार्गो त्याच कुळातला. कॅरिकेचरही, कारण त्यात माणसाच्या चेहऱ्यावर अतिशयोक्ती लादलेली असते!

बंदुकीत दारू ठासणं हाही चार्जच. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेसाठी हा शब्द वापरला. एकत्र जोडलेल्या लायडन बरण्यांना (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांना) त्याने 'बॅटरी' म्हटलं, तेही तोफांच्या रांगेवरून. म्हणजे मोबाइलची बॅटरी चार्ज करताना आपण तोफखान्याचेच शब्द वापरत असतो.

मराठीने या शब्दासाठी जे प्रतिशब्द घेतले, त्यांतही ओझंच दिसतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. विजेचा प्रभार, अधिकाऱ्याचा पदभार, त्याच्या गैरहजेरीत काम पाहणारा प्रभारी. कर्जापोटी मालमत्तेवर चार्ज निर्माण झाला की आपण 'बोजा चढला' म्हणतो. 'आरोप' तर पाहाच : संस्कृतात आरोपणे म्हणजे वर चढवणे, ठेवणे. पैशांच्या बाबतीत मात्र मराठीची वाट वेगळी. तिथे मुख्यतः 'आकार' आहे, आकारणी आहे; भार दिसतो तो 'अधिभारा'त, म्हणजे सरचार्जमध्ये.

म्हणून 'त्यांच्यावर चार्जेस लावले' असं वाक्य मला खटकतं. आरोप ठेवले की शुल्क आकारलं? फोन चार्ज करायला हरकत नाही, तो शब्द आता आपलाच झालाय. पण पदभार, आरोप, शुल्क हे नेमके शब्द हाताशी असताना सगळीकडे चार्ज कशाला?

इंग्रजीतला एक बारकावाही लक्षात ठेवावा. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे सांभाळणारा. मध्ये 'द' घालून 'इन द चार्ज ऑफ' म्हटलं, की ज्याला सांभाळायचं तो. परिचारिका रुग्णाची 'इन चार्ज', तर रुग्ण परिचारिकेच्या 'इन द चार्ज'. भाषांतर करताना तो 'द' नजरेतून सुटला, तर रुग्णच परिचारिकेची देखभाल करू लागतो.