‘ज्याची ग्रेड त्यालाच अनुदान’ म्हणणाऱ्यांना

पायपीट:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "नॅकमध्ये (कॉलेज-विद्यापीठं तपासून ग्रेड देणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) बोंब असलेल्या विद्यापीठांना अनुदान म्हणजे फुटक्या रांजणात पाणी." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७चं, गोंडवाना २०११चं. एकाच्या मागे दीडशे वर्षांचे माजी विद्यार्थी आणि अख्खी मुंबई, दुसऱ्याच्या वाट्याला चंद्रपूर-गडचिरोली. आणि मोजायची पट्टी एकच! पीएम-उषा या केंद्राच्या उच्चशिक्षण निधी योजनेतल्या ‘मेरू’ या भागात ३५ विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी, पण आधी मूल्यांकन दाखवा. वर ४० टक्के वाटा राज्याने घालायचा. नीती आयोगाचाच २०२५चा अहवाल सांगतो की ८१ टक्के मुलं राज्य विद्यापीठांत शिकतात. कालव्याच्या मुखाशी ज्याचं रान त्याचा ऊस, टेलवाल्याने आभाळाकडे बघायचं. हा न्याय?

कोथरूडकर:
रांजणवाला मीच. ऊस वगैरे छान, पण दिलेला पैसा खर्च होतो का ते बोला. एका विद्यापीठाच्या (नाव नको) खरेदी समितीवर होतो. लाखोंचं यंत्र तीन वर्षं खोक्यात, कारण त्या खोलीत थ्री फेज नाही. मार्च आला की मात्र खुर्च्या घ्यायची घाई. त्यापेक्षा निवडक संस्थांना भरघोस द्या. केंद्राच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स’ योजनेत निवडलेल्या सरकारी संस्थांना १००० कोटींपर्यंत देऊ केले, त्यात चूक काय?

पायपीट:
आणि ते यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं पद भरलं होतं का?

कोथरूडकर:
नव्हतं. मुद्दा तो नाही.

तासिकावाला:
मुद्दा तोच आहे! नेट, सेट, पीएचडी करून अकरा वर्षं तासिका तत्त्वावर आहे. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, मध्ये एसटीने चाळीस किलोमीटर. दिवाळीचं मानधन होळीला येतं. उन्हाळा कोरडा. नॅकची समिती आली त्या दिवशी प्राचार्य म्हणाले, "सर, आज जरा कायम असल्यासारखे बसा." बसलो! माझे शोधनिबंध कॉलेजच्या फायलीत लागले, ग्रेड मिळाली, मी पुन्हा एसटीत.

शिल्पा_मा:
+१. मला मुलाखतीआधीच ‘संस्थेच्या इमारत निधी’चा आकडा सांगितला होता. वडिलांनी शेत विकायची तयारी दाखवली, मी नाही म्हटलं. आता शिकवण्या घेते.

सिनेटचा कोपरा:
अवांतर होतंय, पण १९८३ला वसंतदादांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून सरकारने हळूहळू हातच वर केले.

कोथरूडकर:
दादांनी ते केलं नसतं तर आमची पोरं इंजिनिअरिंगला बंगळूरला गेली असती. आणि तासिकावाले, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण धागा अनुदानवाटपाचा आहे. रडगाण्याला वेगळा काढा.

तासिकावाला:
रडगाणं? पगाराचा पैसा म्हणजे अनुदान नाही तर काय हळदीकुंकवाचं वाण? शिक्षक नाही म्हणून संशोधन नाही, संशोधन नाही म्हणून ग्रेड नाही, ग्रेड नाही म्हणून निधी नाही. पुण्यात एसीत बसून हे दिसायचं नाही.

कोथरूडकर:
पुण्यावर घसरायचं कारण नाही. माझ्याकडे एसी नाही. माझा कर मात्र जातो.

सिनेटचा कोपरा:
काडेपेटी विकत घेणाराही कर भरतो साहेब.

शिल्पा_मा:
आणि ज्या ग्रेडचं एवढं कौतुक, त्या नॅकच्या पाहणी समितीतल्या लोकांनाच २०२५च्या फेब्रुवारीत सीबीआयने लाचेच्या आरोपाखाली अटक केली होती. विसरलात?

कोथरूडकर:
बरं बाई. ग्रेड म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, मानलं. पण ‘गरज बघून द्या’ म्हटलं की झाडून सगळे कुलगुरू फाटका सदरा घालून मंत्रालयात जातील, त्याचं काय?

पायपीट:
मंजूर पदं, वीज, ग्रंथालय एवढं सगळ्यांना बिनशर्त. त्याच्या वरचं बक्षीस हवं तर ग्रेडवर वाटा. आणि ‘मानलं’ हा शब्द फ्रेम करून लावतोय.

कोथरूडकर:
लावा. पण पदं भरल्यावर तरी यंत्र खोक्यातून बाहेर येईल याची हमी कोण देणार?

प्रयोगशाळेतला उंदीर:
गेले दोन तास वाचतोय. ते यंत्र कुठलं होतं हो? आमच्याकडे एकेका नमुन्यासाठी दुसऱ्या शहरात नंबर लावावा लागतो.

कोथरूडकर:
सांगितलं तर विद्यापीठ ओळखू येईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.