पॅपाव्हेरिन आणि पायांची पोटरी
'अफूच्या बोंडातलं औषध पायांच्या रक्ताभिसरणासाठी घेतलं तर सवय लागेल का?' असं एकाने विचारलं. उत्तर: नाही. ते औषध म्हणजे पॅपाव्हेरिन, आणि ते मॉर्फिनसारखी नशा आणत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेऑर्ग मर्कने ते १८४८ मध्ये वेगळं काढलं. धमनीच्या भिंतीतला स्नायू ते सैल करतं, म्हणून शस्त्रक्रियेत आखडलेल्या रक्तवाहिनीवर सर्जन ते आजही लावतात. पण चालताना पोटरी दुखते ती पायाच्या धमनीत चरबी साचल्यामुळे असेल, तर ती कडक झालेली जागा सैल व्हायची कशी? गोळीचं घोडं तिथेच अडलं.

आमचे बाबा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगापाशी पोटरी धरून उभे राहायचे. विडी सोडली, आणि दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं रोज करू लागले. आता मासळीपर्यंत एका दमात जातात. गोळी शोधण्याआधी, पायात रक्त नीट पोचतंय का हे कळायला घोट्याजवळची नाडी तेवढी तपासून घ्या.