गोव्याहून लडाख-स्पितीसाठी गाडी बांधताना: आधी वजनकाटा की आधी ताकद?

(चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चिरेखाण

लांब पल्ल्यासाठी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी बांधायची म्हटली की बहुतेकांची यादी स्टीलच्या बंपरपासून सुरू होते आणि छतावरच्या तंबूवर येऊन थांबते. गाडी ओझं किती उचलते, हा हिशेब कुणी मांडत नाही. तो मी मारुती सुझुकीच्या पाच दारी जिमनीवर मांडतो, कारण हलक्या गाडीत चूक लगेच अंगाशी येते.

सगळं धरून वजनाची मर्यादा १५४५ किलो. ऑटोमॅटिक गाडीचं स्वतःचं वजन १२१०. उरले ३३५. दोन माणसांचे १४० गेले, राहिले १९५. छतावरचं कॅरियर आणि तंबू ८०, राहिले ११५. आता ४० लिटरचा फ्रिज आतल्या जिनसांसकट २५, प्लायवूडचे खण ४०, २० लिटर पाणी कॅनसकट २२, शेगडी-गॅस-भांडी १२, रुतलेली गाडी काढायचं सामान १५. राहिला एक किलो. कपडे, पाने-पकडी, हवेचा पंप, दुसरी बॅटरी अजून घरीच आहेत.

म्हणून बंपर, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) आणि छतावरचा तंबू, तिन्ही नकोत. जमिनीवर लावायचा दोघांचा तंबू ५-६ किलोत होतो. प्लायचे खण करण्याऐवजी प्लास्टिकच्या पेट्या पट्ट्यांनी फरशीला आवळा. तीन दारी जिमनीला तर सुझुकीने छतावर ३० किलोच सांगितलेत, त्यामागे कारण आहे. उंचावरचं ओझं प्रत्येक खड्ड्यात गाडीला आडवं हेलकावतं. जादा वजनाने शॉक ॲब्सॉर्बरचं तेल तापून पातळ होतं, सांध्यांतले रबरी बुश फाटतात आणि चोर्ला घाटासारख्या उतारावर ब्रेकचा पेडल मऊ पडत जातो. हिमालयात असा उतार तासन्‌तास चालतो.

घाटमाथा

चिरेखाण बाब, बेरीज बरोबर, निष्कर्ष चुकला. मर्यादा ३३५ किलोचीच असेल तर सामान कशाला कापता, गाडी बदला.

दुसरं, जिमनीचं इंजिन टर्बोविना आहे, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा त्याला नाही. लडाखमधली खारदुंगला खिंड ५३५९ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणजे १०५ अश्वशक्तीतली निम्मीच चाकांपर्यंत पोचणार, तीही पूर्ण भरलेल्या गाडीत. टर्बो डिझेलला हा फटका कितीतरी कमी बसतो. २०२४ पासूनची फोर्स कंपनीची गुरखा घ्या: २.६ लिटर, १४० अश्वशक्ती, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना डिफरन्शियल लॉक (डाव्या-उजव्या चाकांना एकत्र फिरवणारं कुलूप), इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी म्हणजे स्नॉर्कल कंपनीचाच. लॉक आणि स्नॉर्कल नंतर बसवायचे तर खर्च वेगळा आणि कागदपत्रांचा घोळ वेगळा. टाकीही ६३ लिटरच्या वर. जिमनीची ४० लिटर. भरलेल्या गाडीला लिटरमागे १० किलोमीटर धरले तर ४०० किलोमीटर. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरची ३६५ किलोमीटरची पाटी सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढ्यावर भरवसा ठेवून निघायचं?

चिरेखाण

पाटी मान्य. २० लिटरचा एक कॅन न्या, पेट्रोल साधारण १५ किलो भरतं. तंबूच्या वाचलेल्या वजनात बसतं.

पण ताकदीचा मुद्दा अर्धाच मांडलात. जिमनीचा लो रेशो, म्हणजे वेग घटवून ताकद वाढवणारा जादा गिअर, २.००२ आहे. इंजिनाचा टॉर्क निम्मा झाला तरी लो मध्ये चाकाला जवळपास मूळचाच मिळतो, वेग निम्मा होतो इतकंच. त्या उंचीवर घाई कुणाला असते?

घाटमाथा

लो रेशो सुट्या खडी-चिखलात चालेल. खारदुंगल्याच्या चढाला बराच रस्ता डांबरी आहे आणि जिमनीला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून हेअरपिन वळण घेतलं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण शाफ्ट दोघांना एकाच वेगाने फिरवतो. पीळ साठत जातो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडल्यासारखी चालते. शेवटी ट्रान्सफर केसची (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीची) साखळी किंवा युनिव्हर्सल जॉइंट त्याची किंमत मोजतो. म्हणजे जिथे ताकद हवी तिथेच तुमचा २.००२ वापरता येत नाही.

खारो वारो

दोघंही ताकदीवर भांडताय आणि गोव्यातून निघणाऱ्या गाडीचा खरा शत्रू विसरताय. खारी हवा आणि पावसाळ्यातली चिऱ्याची तांबडी माती. ही माती चॅसिसच्या पोकळीत जाऊन बसते, पाणी निघायची भोकं बुजवते आणि चतुर्थीपर्यंत ओली राहते. वरून रंग शाबूत दिसतो, आतून पत्रा सुटतो. मे महिन्यात भोकं तारेने मोकळी करा, आत पाणी मारा, पूर्ण वाळू द्या आणि मगच पोकळीत मेण फवारा. ओल्या पत्र्यावर मेण मारलं तर ओल आत कोंडते. कॅरियरसाठी भोक पाडलं तर कडा घासून झिंक प्रायमर, मग रंग, मग बोल्ट. ॲल्युमिनियमच्या कॅरियरला स्टेनलेसचे बोल्ट लावणार असाल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. नाहीतर मिठाच्या हवेत ॲल्युमिनियम बोल्टभोवती पांढरी भुकटी होऊन झिजतं.

स्नॉर्कलबद्दल घाटमाथांनी जे लिहिलं त्यात धोका आहे. स्नॉर्कल फक्त इंजिनाचं नाक उंच करतो. दिवसभर पळून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ॲक्सलच्या डोक्यावर हवा आत-बाहेर जायला छोटा ब्रीदर असतो, तो पाण्याखाली गेला की हेच होतं. उपाय स्वस्त आहे. ब्रीदरवरचं टोपण काढून ८ मिलिमीटरची तेल सोसणारी नळी बसवा आणि बॉनेटपर्यंत वर न्या. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, सगळ्यांना. ॲक्सल वरखाली होतो तेव्हा नळी ताणणार नाही एवढी सैल ठेवा, सायलेन्सरपासून लांब न्या, टोकाला छोटा फिल्टर लावा. मोलेकडच्या ओढ्यांतून गाडी काढली असेल तर दुसऱ्या दिवशी मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, प्लग ढिला करून तेल पाहा. दूध घातलेल्या चहाचा रंग आला असेल तर त्या तेलावर पुढे एक किलोमीटरही जाऊ नका.

सत्तरी

कायद्याचं कुणीच बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल स्पष्ट आहेत: आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे मूलभूत बदल चालत नाहीत. गाडीपुढच्या लोखंडी बुल गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले. मागची सीट कायमची काढून खण बसवले तर आसनसंख्या बदलते, हे लक्षात असू द्या. पत्रादेवीच्या सीमा नाक्यावर अडवलं तर दंडावर भागेल. अपघातानंतर विमा नाकारला तर फार महागात पडेल. या बाबतीत मी घाटमाथांच्या बाजूने: जे हवं ते कंपनीकडूनच बसवून आलेली गाडी घ्या.

टायरचंही तसंच. मूळचा १९५/८० आर १५ म्हणजे ६९३ मिलिमीटर व्यास. २१५/७५ घेतला तर ७०३, फरक दीड टक्का, काही बिघडत नाही. २३५/७५ घेतला तर ७३३, म्हणजे जवळजवळ सहा टक्के. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ च्या वर असते, गिअर उंचावतात आणि आधीच दमलेलं इंजिन आणखी दमतं.

चिरेखाण

खारो वारो, ब्रीदरची नळी माझ्या यादीत आता पहिली. कोरड्या डांबरावर लो वापरू नये हेही कबूल. तिथे जिमनी पहिल्या गिअरमध्ये रांगेल. तरी हलकी गाडी हवीच, कारण रुतली तर दोन माणसं आणि चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड एवढ्यावर ती बाहेर येते. दोन टनांच्या वरची गाडी विंचशिवाय हलत नाही, आणि विंच बांधायला झाड कुठे आहे लडाखमध्ये?

फ्रिजवाल्यांसाठी एक सूचना. मागच्या बॅटरीला मुख्य बॅटरीवरून भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावाल, पण वायर ६ चौरस मिलिमीटरची घालाल तर ५ मीटर अंतरावर जाऊन-येऊन पाऊण व्होल्टहून जास्त गळतो आणि चार्जरला तेवढं कमी व्होल्टेज मिळतं. १६ चौरस घाला, गळती ०.३३ व्होल्टवर येते. फ्यूज मुख्य बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या अलीकडे वायर पत्र्याला घासली तर आग विझवायला काही उरत नाही.

घाटमाथा

झाड नसेल तर सुटं चाक खड्ड्यात पुरून त्याला दोर बांधतात. विंच घेताना ओढण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट धरा आणि दोर सिंथेटिकच घ्या, नाकावरचे ८-१० किलो वाचतात. गाडीच्या निवडीवर माझं मत बदललेलं नाही. मात्र तुमचा हिशेब मोठ्या गाडीलाही लागू आहे, तिथे लोक जागा दिसली की भरत जातात.

चिरेखाण

मग दोघांच्याही गाड्यांना एकच कसोटी. निघायच्या आठवडाभर आधी सगळं सामान, पाणी आणि इंधन भरा, माणसं आत बसवा आणि गाडी डिचोली भागात ट्रकांच्या काट्यावर न्या. तीनदा वजन करा: पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. एकूण आकडा मर्यादेत असून मागच्या ॲक्सलवर जादा भार निघू शकतो, कारण फ्रिज, पाणी आणि पेट्रोल सगळं मागच्या दारापाशी साठतं. तसं निघालं तर आधी पाण्याचा कॅन पुढच्या सीटच्या पाठीशी सरकवा आणि पुन्हा काट्यावर चढा.