पाहुणे परतल्यावर नव्या वर्षाची घडी कशी बसवावी?

शाहूपुरीकर (सातारा)

सर्वांना नमस्कार. नाताळच्या सुट्टीत माझे दोन्ही दीर आपापल्या कुटुंबांसह पुण्याहून व ठाण्याहून आमच्याकडे येतात. १ जानेवारी २०२६ गुरुवारी येत असल्यामुळे शुक्रवारची रजा टाकून सर्वजण रविवार, ४ जानेवारीपर्यंत राहणार आहेत. घर भरलेले असते याचा आनंद आहेच, आणि सासूबाई तर या दिवसांची वर्षभर वाट पाहतात. अडचण येते ती पाहुणे परतल्यानंतर. गाद्या-रजया माळ्यावर चढवायच्या असतात, चादरींचा ढीग धुवायचा असतो, फ्रिजमध्ये अर्धवट केक आणि डब्यांत मऊ पडलेला चिवडा उरलेला असतो, आणि सोमवारी मुलांची शाळा व आम्हा दोघांचे कार्यालय सुरू झालेले असते. घर जरा ताळ्यावर येते न येते तोच भोगी आणि संक्रांत येते, आणि तेथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असते. नवे वर्ष सुरू झाले आहे, हे जाणवायला फेब्रुवारी उजाडतो.

आमच्याकडे १ जानेवारीपासून पहाटे पाचला उठून अजिंक्यताऱ्यावर चालायला जाण्याचा संकल्प दरवर्षी होतो. तो संक्रांतीपर्यंत टिकला, तरी आम्ही समाधान मानतो. सासूबाईंचे म्हणणे असे, की आपले वर्ष पाडव्याला सुरू होते, तेव्हा ३१ डिसेंबरला जागायचे कशासाठी? मुलांना मात्र बारा वाजेपर्यंत जागायचेच असते, आणि थोरल्या दिरांना ३१ तारखेस सगळ्यांना घेऊन महाबळेश्वरला जायचे आहे. सुट्टी आवरती घेऊन रोजच्या वेळापत्रकावर येण्याची आणि नव्या वर्षाची सुरुवात करण्याची आपापल्या घरची रीत कृपया सांगावी.

निवृत्त गणित शिक्षक (सातारा)

ताई, प्रथम पहाटेच्या संकल्पाविषयी लिहितो, कारण तो न टिकण्यात आळसाइतकाच पंचांगाचाही हात आहे. २१-२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो हे आपण शाळेत शिकतो; परंतु तो सकाळच्या बाजूने नव्हे, तर संध्याकाळच्या बाजूने वाढतो. साताऱ्यात १ जानेवारीस सूर्योदय साधारण सात वाजून पाच मिनिटांनी होतो, आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो पुढे सरकत सात वाजून आठ मिनिटांच्या आसपास जातो. सूर्यास्त मात्र त्याच काळात सहा वाजून दहा मिनिटांवरून सहा-वीसपर्यंत आणि फेब्रुवारीच्या आरंभी जवळजवळ साडेसहापर्यंत लांबतो. पृथ्वीचा आस कललेला आहे, आणि शिवाय ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळ असल्याने तिचा वेग अधिक असतो. या दोहोंमुळे सूर्य माथ्यावर येण्याची वेळ या दिवसांत रोज थोडीथोडी पुढे जाते. सूर्योदय पुन्हा सातच्या आत येतो तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर. म्हणजे वर्षातली सर्वांत उशिराची सकाळ ज्या महिन्यात असते, नेमक्या त्याच महिन्यात, थंडीत आणि पाहुण्यांच्या जागरणानंतर, आपण पहाटे उठण्याचा नेम धरतो. यापेक्षा जानेवारीत संध्याकाळी चालावे आणि पहाटेचा नेम महाशिवरात्रीनंतर धरावा. थंडी ओसरू लागलेली असते आणि उजेड साथ देतो.

१ जानेवारीचा खरा उपयोग मला दिनदर्शिकेसाठी वाटतो. आमच्याकडे त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर जुनी दिनदर्शिका भिंतीवरून उतरते आणि नवी शेजारी मांडून सर्वजण बसतात. गॅस सिलिंडर कधी लावला, दूधवाल्याचे खाडे किती, विम्याचा हप्ता कोणत्या तारखेस, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, घरातील श्राद्धतिथी, हे सर्व एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने नव्या पानांवर लिहायचे. मुलांना हे काम फार आवडते. आजोबांची तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला का येते, असे एखादे पोर विचारते आणि चांद्रमासाचा एक पाठ आपोआप होऊन जातो.

यंदा ही बैठक अधिक गरजेची आहे, कारण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ मास आहे आणि त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा येणार आहेत. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती, ती आता २५ जुलैला आहे. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टऐवजी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरऐवजी ८ नोव्हेंबरला. दोन्ही दीर घरात असतानाच गणपतीला कोणी किती दिवस यायचे आणि दिवाळीत कोणी कोणाकडे जायचे हे ठरवून तारखा लिहून ठेवल्या, तर वर्षभरातले निम्मे दूरध्वनी वाचतील. सर्व भाऊ एकत्र बसून हे बोलतील असा दिवस पुन्हा लवकर येत नाही.

महाबळेश्वराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ३१ तारखेस जाऊ नये. पसरणी घाटात वाहनांची रांग लागते, आणि मेढ्यावरून केळघर घाटाने गेले तरी शेवटी गर्दी तीच असते. शिवाय पौष पौर्णिमा ३ जानेवारीस असल्याने मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा त्याच सुमारास भरते, तेव्हा वाईच्या बाजूचे बेत त्या दोन-तीन दिवसांत टाळलेले बरे. मुलांना कुठे न्यायचेच असेल, तर नायगावचा विचार करावा. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातल्या या गावी झाला, आणि शिरवळजवळ महामार्ग सोडला की ते फार लांब नाही. जयंतीच्या दिवशी शासकीय कार्यक्रमामुळे गर्दी असते. ४ तारखेस पुण्याकडे परतताना दीर तेथे निवांत थांबू शकतील.

वाळवेकर (जि. सांगली)

सरांचे गणित पटले, तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या सर्व चर्चेत डिसेंबरअखेरीस सुट्टी असते असे गृहीत धरले आहे. मी साखर कारखान्यात पाळीने काम करतो. गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे उसाचे गाळप सुरू झाले, की हंगामाची सांगता होईपर्यंत आम्हाला ना नाताळ ना एक जानेवारी. ३१ डिसेंबरला रात्रपाळी असेल, तर नवे वर्ष गळिताच्या आवाजातच लागते, आणि बाहेर गाड्यांच्या रांगेत थांबलेल्या ऊसतोड कामगारांना तर ते लागल्याचे कळतही नसेल. गावाकडून येताना त्यांनी जी उचल घेतली, ती फिटेपर्यंत त्यांचे वर्ष संपत नाही.

त्यामुळे आमच्या भागात सासूबाईंचेच म्हणणे खरे ठरते. पाडव्यापर्यंत गाळप बहुधा उरकलेले असते, शेतातला ऊस गेलेला असतो, खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला) पाणी देऊन झालेले असते आणि बिलाचा काही भाग हाती आलेला असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत; प्रत्यक्षात बँकेचा संदेश केव्हा येतो, ते ज्याचे त्याला ठाऊक. यंदा पाडवा १९ मार्चला, म्हणजे गुरुवारी आहे आणि शके १९४८ तेव्हा सुरू होईल. आम्ही घरचा हिशेब तेव्हाच मांडतो: सोसायटीचे कर्ज, मुलांची फी, बैलजोडी विकली तेव्हापासूनचे ट्रॅक्टरचे हप्ते. दिनदर्शिका १ जानेवारीला भिंतीवर लावावी, याला माझी हरकत नाही. पण ज्या दिवशी हातातले काम खरोखर संपते, तो दिवस प्रत्येक घराने आपला आपण ओळखावा, असे मला वाटते.

मिरजेहून एक वाचक

दोघांचेही लिहिणे वाचले. गाद्या-रजया कोणी उचलायच्या, यावर मात्र कोणीही काही सांगितलेले नाही, म्हणून मी लिहिते.

शाहूपुरीकर ताई, पाहुणे गेल्यावर आवरायचे हीच मुळात अडचण आहे. आवराआवर पाहुणे असतानाच झाली पाहिजे, आणि ती पाहुण्यांनीच केली पाहिजे. शनिवारी सकाळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या अंथरुणाची खोळ काढून धुवायला टाकावी, रजया गच्चीवर उन्हात घालाव्यात, आणि रविवारी निघण्यापूर्वी दिरांनी त्या माळ्यावर चढवाव्यात. उरलेला फराळ डब्यात भरून देण्यात कसलाही संकोच नको. ठाण्यापर्यंत चिवडा आनंदाने जातो. पाहुण्यांना काम कसे सांगायचे, असा प्रश्न सासूबाईंना पडेल, परंतु ते त्यांचे मुलगे आहेत, पाहुणे नव्हेत. हे वाक्य त्यांच्याच तोंडून आले, तर फार उत्तम.

हळदीकुंकवाची तारीख आताच धरून ठेवावी. संक्रांत बुधवारी आहे. नोकरी करणाऱ्या बायकांना रविवारच सोयीचा. पण १८ जानेवारीच्या रविवारी अमावास्या आहे आणि २५ चा रविवार म्हणजे रथसप्तमीच. त्या एका दिवशी साऱ्या गल्लीतली हळदीकुंकवे एकदम येतील आणि कोणाकडेच धड बसणे होणार नाही. शनिवार, १७ किंवा २४ पाहावा. आणखी एक: संक्रांतीच्याच दिवशी षट्‌तिला एकादशी आहे, तेव्हा घरात कोणाचा उपवास असेल तर गुळाच्या पोळीचा बेत आधीच बोलून घ्यावा. आमच्याकडे त्या दिवशी नैवेद्यापुरत्या पोळ्या होतील आणि बाकीच्या दुसऱ्या दिवशी. भोगी १३ तारखेस आहे. तिळाची बाजरीची भाकरी, लोणी आणि पावटा, हरभरा, गाजर, वांगी घातलेली भाजी. केक आणि वेफर यांवर काढलेल्या दिवसांनंतर पोटाला हेच हवे असते, आणि मला विचाराल तर सुट्टी संपल्याची खूण म्हणून भोगी इतर कोणत्याही तारखेपेक्षा चांगली आहे.

शाहूपुरीकर (सातारा)

सर्वांचे आभार. रजयांविषयीचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या आणि "मी सांगते," म्हणाल्या. हळदीकुंकू शनिवारी, १७ तारखेस ठरवले. वाळवेकर दादांचे म्हणणेही पटले. जमाखर्चाची वही आम्हीही पाडव्यालाच उघडू, कारण मार्चअखेर आमच्या दोघांच्या कार्यालयांत तसाही हिशेबाचाच काळ असतो.

सरांना एक शंका विचारायची आहे. सासऱ्यांची तिथी ज्येष्ठ शुद्ध दशमी आहे. अधिक मास आल्यास ती कोणत्या महिन्यात धरायची? दिरांना रजेसाठी तारीख आधी कळवावी लागते.

निवृत्त गणित शिक्षक (सातारा)

ताई, वार्षिक श्राद्ध सामान्यतः निज मासात, म्हणजे अधिकानंतर येणाऱ्या नेहमीच्या मासात, करतात. निज ज्येष्ठ १६ जूनपासून सुरू होतो, म्हणून दशमी जूनच्या अखेरच्या आठवड्यात शोधावी. वटपौर्णिमाही निज ज्येष्ठातच, २९ जूनला आहे. आपल्या घरचे गुरुजी वेगळी प्रथा सांगत असतील तर तीच पाळावी, आणि नव्या दिनदर्शिकेत मे महिन्याच्या पानावरही "अधिक मास, तिथी जूनमध्ये" असे पेन्सिलीने लिहून ठेवावे. नाहीतर कोणीतरी मे महिन्यातली दशमी पाहून रेल्वेचे आरक्षण करून बसेल.