साईटवर लाल पाटी: तुमचे अनुभव सांगा की

शहापूरकर
काल रात्री खडेबाजारातल्या दोस्ताचा फोन, "अरे साईट उघडली की सगळं लाल येऊलालंय, बघ की जरा." म्हणजे 'ही साईट धोकादायक आहे' असं सांगणारी गूगलची लाल पाटी. पोटात गोळाच आला, २०१७ आठवलं. आमचं साड्यांचं दुकान, ऐन लग्नसराई. पुण्याच्या एक काकू फोनवर म्हणाल्या, गूगलवर तुमच्या नावाखाली 'साईट हॅक झालेली असू शकते' लिहिलंय आणि दाबलं की कसल्यातरी गोळ्यांचं दुकान उघडतंय. मी इकडं उघडून बघतोय तर झकास चालू! उलट काकूंनाच सांगितलं, तुमच्या मोबाईलात व्हायरस असंल. नंतर कळलं की मोबाईलवर सर्च करून येणाऱ्यालाच तिकडं ढकलत होतं, मी थेट पत्ता टाकायचो, मला कसं दिसणार? चार दिवसांनी लाल पाटी लागली तेव्हा डोळे उघडले.

तंबाखूनगरी
निपाणीत आमचं पण तेच. पैसे वाचवायला वर्डप्रेसची (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) विकतची थीम, म्हणजे तयार डिझाईन, चोरून फुकट घातली, ती भोवली. साफ केलं, सर्च कन्सोलमधून (साईटवाल्यांसाठी गूगलचं पान) रिव्ह्यू, म्हणजे परत तपासणी, मागितली, नापास. फोटोंच्या फोल्डरात एक पीएचपी फाईल (प्रोग्रॅमच्या कोडची) बसलेली, फोटोत पीएचपीचं काय काम हे डोक्यातच नाही आलं

खानापूरची सून
आमच्या भजनी मंडळाच्या साईटवर पारायणाच्या तारखेखाली जपानी अक्षरं!! तात्या चष्मा लावून म्हणतात हे कानडी पण न्हाई, काय हाय मग 😂 थांबा कुकर झाला, येते

जुना कॅफेवाला
३१ जानेवारी २००९ कुणाला आठवतंय का, शनिवार, रात्री आठनंतर. गूगलनं जगातल्या सगळ्याच साईटना धोकादायक ठरवलेलं, स्वतःला धरून. यादीत चुकून नुसती '/' पडलेली आणि ती तर प्रत्येक पत्त्यात असते. तासाभरात मिटलं, पण तेवढ्यात माझी गिऱ्हाईकं "तुमच्या कंप्युटरात व्हायरस हाय" म्हणत पैसे न देता उठली

शहापूरकर
@कॅफेवाला 😂 कॅफे कुठं होता, टिळकवाडीत काय?

तंबाखूनगरी
आणि पाटी जाण्यापुरतं साफ करून मुद्दाम परत परत तेच घालणाऱ्याला ३० दिवस रिव्ह्यूच मागता येत नाही, २०१६ पासून; हॅक झालेल्या साईटला ते लागू नाही. दोस्ताला सांगा आधी सगळे पासवर्ड बदल, मगच रिव्ह्यूचं बटण दाब.

चिकोडी एक्सप्रेस
पाटी गेल्यावर गिऱ्हाईक आलं काय परत?

शहापूरकर
पाटी तीन दिवसात गेली. त्या काकू अजून फोन करून विचारतात, "उघडू न्हवं आता?" साडी मात्र व्हॉट्सॲपवर फोटो मागवूनच घेतात.

खानापूरची सून
आले. काय ठरलं? आणि बेळगावला कोण येणार असेल रविवारी तर कुंदा आणा रे अर्धा किलो