आधी माणसं की आधी माल?

नाचणीवाली, चिपळूण
चार वर्षं घरापुरतं आणि नातेवाइकांपुरतं नाचणीचं सत्त्व करतेय. दिवाळीनंतर, नवी नाचणी आली की विकायला काढायचंय. एका शिबिरात सांगितलं होतं, आधी सहा महिने इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲपवर माणसं जोडा, माल मागाहून. मार्चपासून तेच करतेय. ग्रुपमध्ये आज ४१२ जणी आहेत. घरचे म्हणतात, हातात काही नाही तर बोभाटा कशाला?

मला मात्र आता शिबिरातलं पटलंय. एप्रिलमध्ये साक्याचा फोटो टाकला होता. वाटलेली नाचणी फडक्यातून गाळून रात्रभर ठेवली की सकाळी वरचं पाणी ओतल्यावर पातेल्याच्या तळाशी गुळगुळीत थर राहतो, बोट टेकवलं तर ठसा उमटतो, तो. खाली एकीने विचारलं, "पाणी किती वेळा बदलता? आमच्या सासूबाई तीनदा बदलायच्या, आंबूस वास राहत नाही." मी एकदाच बदलत होते. तीनदा बदलून पाहिलं आणि वास गेला! दुकानात पाकीट ठेवून हे कोणी सांगितलं असतं का? ज्याला वास आवडत नाही तो गपचूप दुसरं पाकीट घ्यायचं सोडून देतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पाकीटसुद्धा अर्ध्या किलोचं करणार होते, बहुतेकींनी पाव किलो मागितलं.

शिवाय कोकणात पावसाचे चार महिने सत्त्व उन्हात वाळवताच येत नाही. तेवढे दिवस गप्प का बसायचं? माझं मत, आधी माणसं. तुमचं?

कातळावरचा, देवगड
ताई, मी हे करून हात पोळून घेतलेत, म्हणून विरोधात लिहितोय. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरपासून आंब्याच्या कलमांच्या मोहोराचे, कणीएवढ्या फळाचे, फवारणीचे फोटो टाकत होतो. "आम्हाला दोन पेट्या", "आमचं नाव घ्या" करत ३४० नावं वहीत झाली. एप्रिलमध्ये एकेकाला फोन केला. ६१ जणांनी पेटी घेतली. बाकीचे म्हणाले, कालच कोपऱ्यावरून घेतली, किंवा यंदा भाव फार आहे. त्या नावांच्या भरवशावर मी व्यापाऱ्याला कमी माल लावला होता. पिकायला आढीत घातलेला आंबा थांबत नाही हो.

"हवंय" लिहायला काही पडत नाही. आजही माझं खरं गिऱ्हाईक म्हणजे वडिलांच्या वेळेपासून पेटी नेणारी पुण्यातली तीस-पस्तीस घरं. त्यांनी आधी आंबा खाल्ला, मग ती आमची झाली. आधी माल.

दूरदेशी, न्यू जर्सी
शाओमी या चिनी फोन कंपनीचं उदाहरण बघा. कंपनी एप्रिल २०१० ची. त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी दुसऱ्यांच्या फोनवर चालणारी मीयूआय ही प्रणाली काढली. वापरणारे चुका कळवायचे, दर शुक्रवारी सुधारलेली आवृत्ती यायची. स्वतःचा पहिला फोन जाहीर झाला तो ऑगस्ट २०११ मध्ये. तोवर वाट बघणारी माणसं तयार होती. नाचणीताईंच्या बाजूने माझं मत.

कातळावरचा, देवगड
उलट हे माझ्याच बाजूचं झालं. मीयूआय लोकांच्या हातात होतं, ते रोज वापरत होते. म्हणजे माल आधी होताच. फोटो बघून माणूस जोडला जात नाही.

जुना पुस्तकवाला, पुणे
आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत कधीपासून चालत आलेली आहे. पुस्तक छापून होण्याआधी वाचक कमी किमतीत पैसे भरतो, प्रकाशकाला किती प्रती काढायच्या याचा अंदाज येतो. नुसत्या चौकश्यांवर आम्ही कधी प्रती मागवल्या नाहीत, पैसे भरलेल्या पावत्या मोजल्या. देवगडकरांनी वहीत नावं घेतली, पेटीमागे शंभर रुपये घेतले असते तर ३४० चा आकडा डिसेंबरातच खाली आला असता आणि व्यापाऱ्याला माल नीट लावता आला असता. माणसं जमवण्यात चूक नव्हती.

पॅकिंगवाली, सांगली
आगाऊ पैशांबद्दल मी सावध करेन. जुलै २०२१ मध्ये ओलाच्या विजेवरच्या स्कूटरसाठी ४९९ रुपये भरून २४ तासांत एक लाख नोंदण्या झाल्या होत्या. स्कूटर ग्राहकांना मिळू लागली डिसेंबरच्या मध्यावर, सांगितलेल्या वेळेनंतर. एवढ्या मोठ्या कंपनीला लोक थांबून राहिले. आपल्यासारखीने पैसे घेतले आणि आठ दिवस आभाळ राहिलं, सत्त्व वाळलं नाही, तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. वाळलेला माल डब्यात पडल्याशिवाय एक रुपया घेऊ नका.

आणखी एक, फार महत्त्वाचं. तुमच्या ग्रुपमध्ये बाळंतिणी असणारच. दोन वर्षांखालच्या बाळांचं अन्न म्हणून कशाचीही जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. "सहा महिन्यांच्या बाळाला उत्तम" असं पोस्टमध्येही लिहू नका, पाकिटावर तर नकोच. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही विक्रीच्या आधी हवी. माणसं जमवण्याच्या नादात हे राहून जातं.

नाचणीवाली, चिपळूण
बाळाच्या दोन पोस्ट होत्या, आत्ता काढल्या. ताई, मनापासून आभार.

देवगडकरदादा, तुमचा ६१ चा आकडा मनाला लागला. पण एक विचारते, त्या ३४० जणांना तुम्ही काही विचारलं होतं का? पेटी केवढी हवी, कच्चा हवा की तयार? मला ग्रुपने पाण्याची चूक दाखवली, पाकिटाचं माप दिलं. एकीनेही विकत घेतलं नाही तरी माझं सत्त्व मार्चपेक्षा चांगलं झालंय. ही कमाई मी सोडणार नाही.

तुमचंही ऐकते. दसऱ्याआधी ऊन पडलं की घरातल्या जुन्या नाचणीचं थोडं करून पन्नास जणींना दोन-दोन चमच्यांच्या पुड्या पाठवते. पैसे पाव किलोची पाकिटं भरून झाल्यावरच.

कातळावरचा, देवगड
नाही विचारलं, हे कबूल. पण माझं मत तेच आहे. पुड्या पाठवा, हे चांगलं केलंत, कारण चव घेतलेलीच परत येते. ४१२ पैकी किती जणींनी पैसे मोजले ते डिसेंबरात इथेच लिहा.

नाचणीवाली, चिपळूण
लिहीन. आकडा दहा आला तरी लिहीन.